उधळेकाकांचा नळ

मला राग लवकर येतो. ही गोष्ट आमच्या घरात सगळ्यांनी मान्य केलेली आहे, अगदी मीसुद्धा. पण वांगणीच्या पलीकडच्या उंबरपाड्यावर त्या दिवशी मला जो राग आला, तो साफ चुकीच्या माणसांवर आला होता. तेच सांगायला बसले आहे.

माझं नाव वनमाला. राहायला जव्हारला. यजमानांचं, म्हणजे दामोदरांचं, बाजारपेठेत सिमेंट-पत्र्याचं दुकान आहे आणि मी एका संस्थेच्या पाणी प्रकल्पात काम करते. आमचं काम जनजागृतीचं. गावोगाव जायचं, पाणी वाचवा म्हणून सांगायचं, फोटो काढायचे आणि अहवाल पाठवायचा. यंदा दिवाळीनंतर आमच्या साहेबांनी ठाण्याहून नवी कल्पना धाडली, पथनाट्य करा. लिहिणार कोण? वनमालाताई.

मी लिहिलं, आणि मला त्याचा अभिमान होता, हे आधीच कबूल करते. नाटकाचे नायक उधळेकाका. ते सकाळी उठतात, नळ सोडतात आणि दात घासता घासता जगातल्या सगळ्या बातम्यांवर भाषण ठोकतात. नळ चालूच. मग दाढी. नळ चालूच. शेवटी प्रेक्षक न राहवून एका सुरात ओरडतात, "नळ बंद करा!" उधळेकाकांचे डोळे उघडतात, टाळ्या, नमस्कार. उधळेकाका झाला होता माझा भाचा चैतन्य. कॉलेजात नाटकाची बक्षिसं मिळवलेला, बोलायला लागला की थांबत नाही, त्यामुळे भूमिका अंगाबाहेरची नव्हती. नळ म्हणून प्लास्टिकच्या पिंपाला दामोदरांच्या दुकानातली पितळी तोटी बसवली होती. पाठीमागे वीस फुटी फ्लेक्स, 'पाणी वाचवा, जीवन वाचवा', आणि कोपऱ्यात साहेबांचा हसरा फोटो. हा फ्लेक्स पुढे एकोणीस गावांना न्यायचा होता. त्याला काही होता कामा नये, असं साहेबांनी मला तीनदा बजावलं होतं.

पाड्यावर मी आदल्या दिवशी फोन करून सांगितलं होतं की नाटकासाठी तीन हंडे पाणी भरून ठेवा. ते भरलेलं होतं. भात कापून झालेला, नागली खळ्यावर आलेली, माणसं मोकळी. चाळीसेक जण येऊन बसले. बायका पुढे.

चैतन्यनं झोकात सुरुवात केली. खांद्यावर टॉवेल, तोंडात ब्रश. तोटी सोडली. पाणी पडायला लागलं आणि खालची जमीन ते पिऊन टाकायला लागली. मी प्रेक्षकांकडे बघत होते. कुणी हसत नव्हतं. सगळ्यांचे डोळे तोटीकडे लागलेले. मला वाटलं, वा वनमाला, परिणाम होतोय!

तेवढ्यात पुढच्या रांगेतून एक बाई उठली. काटक, चाळिशीच्या आसपासची, लुगडं गुडघ्यापर्यंत खोचलेलं. ती शांतपणे चालत आली, उधळेकाकांना कोपरानं जरासं बाजूला सारलं आणि तोटीखाली हंडा ठेवला. ठेवून जागेवर गेली नाही. हंडा भरायची वाट बघत तिथेच उभी राहिली.

चैतन्य गडबडला, पण हाडाचा कलाकार. ब्रश फिरवत बोलत राहिला. मग दुसरी बाई कळशी घेऊन आली आणि पहिलीच्या मागे उभी राहिली. मग तिसरी. दोन मिनिटांत माझ्या रंगमंचावर आठ बायकांची रांग लागली आणि त्यांच्यात नंबरावरून बोलाचाली सुरू झाली. मी बाजूनं हातवारे करून प्रेक्षकांना त्यांचं वाक्य आठवून देत होते. शेवटी मीच ओरडले, "नळ बंद करा!"

"कशाला?" रांगेतली एक म्हणाली. "चालू ठेव रे पोरा. माझा भरायचा हाय आजून."

पिंप रिकामं झालं. उधळेकाकांचे डोळे उघडायचे राहून गेले. चैतन्य तोंडात फेस घेऊन माझ्याकडे बघत उभा, कारण चूळ भरायला थेंब उरला नव्हता. मग मात्र पाडा हसला, पोट धरून हसला.

माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी त्या पहिल्या बाईला गाठलं. "अहो बाई, नाटक चाललं होतं ना?"

"चालला होता."

"मग मध्येच हंडा कसला लावता? ते पाणी नाटकाचं होतं!"

"पानी नाटकाचा कसा आसंल, मॅडम?" तिनं विचारलं. तिला खरंच कळत नव्हतं. "माझाच हाय तो. सकाळी तीन हंडे मीच आनला ना ओहोळावरनं. तुमी सांडला, मी धरला."

मी जीपमध्ये जाऊन बसले. तिथे तासभर मी उंबरपाड्याला मनातल्या मनात काय काय बोलले ते लिहिण्यासारखं नाही. नाटकाची समज नाही, शिस्त नाही, इथपर्यंत माझी गाडी गेली होती. तासाभरानं तीच बाई जीपच्या दाराशी आली. हातात कोऱ्या चहाचा पेला.

"घ्या," ती म्हणाली. "तुमचे नाटकाचा पानी हाय."

मी चहा घेतला आणि पहिल्या घोटालाच माझा राग विरघळला. वीस वर्षं मी या भागात फिरते आहे. उंबरपाड्यावर नळ नाही हे मला ठाऊक होतं. पण जव्हारच्या माझ्या स्वयंपाकघरात बसून नाटक लिहिताना ते कुठे गेलं होतं देव जाणे. ज्या बायका ओंजळभर पाणी वाया जाताना बघू शकत नाहीत, त्यांना मी पाणी वाचवायला शिकवायला आले होते, तेसुद्धा त्यांचंच पाणी सांडून. मला माझीच लाज वाटली.

"नाव काय तुमचं?" मी विचारलं.

"माघी." मग ती म्हणाली, "मॅडम, तुमी पान्याच्याच हापिसातल्या ना? मंग चला, दाखवते."

तिच्या घरामागे, ओहोळाच्या काठावर, मोगऱ्याची दोनशे रोपं होती. पावसात लावलेली, वीतभर उंचीची, प्रत्येकाला मातीचं नीट आळं. माघी त्यांच्यामधून अशी चालत होती की लुगड्याचा काठही पानाला लागू नये. आमच्या भागात मोगऱ्यानं काही घरं सावरली आहेत. दोन उन्हाळे रोप जगलं की कळी येते, रोज तोडा असतो, आणि मग घर सोडून कुठे जावं लागत नाही. पण उन्हाळ्यात पाणी हवं. आणि ओहोळ तर होळीच्या आधीच आटतो.

"हितं बांध घातला तर पानी वैशाखापरेंत ऱ्हातो," माघीनं ओहोळाच्या अरुंद जागेवर बोट दाखवलं. "आता वाहतो हाय. आजून पंधरा दिस गेलं की काय आडवायचा? दगड?"

"मग बांधा की. गोण्यांत माती भरायची, रचायच्या. माणसं आहेत, माती आहे."

"गोन्या कुटं हायत?"

मी आजूबाजूला बघितलं. तिच्या घराच्या दाराशी चांगली जाड, न फाटलेली एक गोणी टेकवून ठेवलेली होती, तोंड सुतळीनं बांधलेली. तिच्या शेजारी तिचा नवरा बाबल्या उकिडवा बसला होता, गोणीवर एक हात ठेवून.

"ही एक आहे ना?"

"ती जगायला जायाची हाय," बाबल्या म्हणाला.

हे मला समजावून सांगावं लागलं नाही. भात झाला की इकडची माणसं वीटभट्टीवर जातात ती पार पावसाच्या तोंडाशी परत येतात, आणि त्याला कामाला जाणं म्हणत नाहीत, जगायला जाणं म्हणतात. उंबरपाड्याच्या दर घरात एक धड गोणी असते ती या कामासाठी राखलेली. तवा, दोन टोप, घोंगडी, थोडे तांदूळ, अख्खा संसार तिच्यात बसतो. ती कुणी मागत नाही आणि कुणी देत नाही. मुकादमाचा टेम्पो चौथ्या दिवशी सकाळी येणार होता आणि पाड्यावरच्या चौदाही गोण्या भरून दाराशी तयार होत्या.

"मी नाय जानार यंदा," माघी म्हणाली. माझ्याकडे बघून, पण ऐकवायचं होतं बाबल्याला. "मी गेले तर ह्यांना पानी कोन घालील?"

"आनि पानी नाय ऱ्हायला तर तू काय घालशील?" बाबल्या म्हणाला. त्याच्या आवाजात भांडण नव्हतं, कंटाळा होता. "बांध घातलेला ना दोन वरसांमागं. आठ दिसात फुटला. मी सांगलेला असा रचू नका, कोनी आयकला नाय. आता परत तोच."

मग बाबल्या उठला, ओहोळाच्या काठावरच्या उंबरापाशी गेला आणि पाण्याच्या वर कमरेइतक्या उंचीवर बाहेर आलेल्या एका मुळाला त्यानं पाय लावला. "टेम्पो यायच्या आदी पानी ह्या मुळाला लागला तर मी ऱ्हातो. बस. टेन्शन नाय. नाय लागला तर मी जातो, आनि शिमग्याला तूबी येशील."

माघीनं मुळाकडे बघितलं, मग रोपांकडे. मी तिचा चेहरा बघितला आणि माझा मोबाइल काढला.

साहेब फोनवर नेहमी गोड बोलतात. "वनमालाताई, कल्पना उत्तमच आहे. पण बांध आपल्या प्रकल्पात बसत नाही हो. आपला प्रकल्प जागृतीचा."

"निदान गोण्या?"

"गोण्या तर मुळीच बसत नाहीत. तुम्ही जागृती करा."

"करते," मी म्हटलं आणि फोन ठेवला. आता जागृतीच करायची, पण जे झोपलेत त्यांची करायची, असं मी मनाशी ठरवलं. आणि ते कोण, हे मला पक्कं ठाऊक होतं, कारण त्यांतल्या एकाशी माझं लग्न झालं आहे. दामोदर रोज सकाळी धूळ बसावी म्हणून दुकानापुढच्या रस्त्यावर पाइपनं पाणी मारतात. वीस मिनिटं. शेजारच्याशी गप्पा मारत. माझे उधळेकाका त्यांच्यावरूनच बेतलेले, हे मी त्यांना कधी सांगितलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी जव्हारला बाजार होता. आमची जीप सकाळीच उंबरपाड्यावरून माघीला आणि आणखी सहा बायकांना घेऊन आली. त्यांच्याबरोबर पाण्याचे तीन हंडे, फडक्यानं तोंडं बांधलेले. मी म्हटलं, अगं, पाणी जव्हारचं घेतलं असतं. माघी म्हणाली, "नाय. हाच पायजे."

दामोदरांच्या दुकानासमोरच फ्लेक्स लावला. चैतन्यनं घसा साफ केला आणि ओरडून सांगितलं, "नाटक फुकट नाही हो! तिकीट आहे एक रिकामी गोणी! सिमेंटची चालेल, साखरेची चालेल, पेंडीची चालेल, भोकाची चालणार नाही!"

गर्दी जमली. फुकट नाही म्हटल्यावर जास्तच जमली. उधळेकाका सुरू झाले आणि इथे मात्र नाटकाला हशाच हशा. ब्रश, भाषण, दाढी. नळ चालू. लोक एकमेकांना कोपरानं ढोसत होते, हा आपला अमुक, हा आपला तमुक. दामोदर दुकानाच्या पायरीवर बसून सगळ्यात जोरात हसत होते. पाणी रस्त्यावर पसरून त्यांच्याच पायरीपर्यंत गेलं, तरी एकही माणूस जागचा हलला नाही.

मग माघी आली. पितळी हंडा तोटीखाली ठेवला. हंड्यात पाण्याची धार पडल्याचा आवाज मोठा झाला तसा हशा कमी होत गेला. ती गर्दीकडे वळली. तिला मी एकही वाक्य लिहून दिलेलं नव्हतं.

"ह्यो पानी मी आनला," ती म्हणाली. "आता दिवाळी झाली म्हनून ओहोळावरनं आनला, घराखालनं. होळीला दोन टेकड्या पलीकडनं आनन. काल आमचे पाड्यात हाच नाटक झाला, तवा सगल्या बाया हंडे घेऊन उठल्या. ह्या मॅडमना राग आला." लोकांनी माझ्याकडे पाहिलं. मी फ्लेक्सकडे पाहिलं. "तुमी कोनीच नाय उठला. मला नवल वाटला. तुमचे घरात हंडा नाय का?"

बाजारात इतकी शांतता मी कधी ऐकली नव्हती. समोरच्या किराणावाल्यानं मान खाली घातली. आणि दामोदर पायरीवरून उठले. ते माझ्याकडे न बघता आत गेले. मला वाटलं, रागावले. ते परत आले ते कमरेला मिठी मारावी तसा रिकाम्या गोण्यांचा गठ्ठा घेऊन. एरवी एखादी रिकामी गोणी मागायला आलेल्या गिऱ्हाइकाला ते दहा प्रश्न विचारतात. त्यांनी गठ्ठा माघीच्या पायाशी टाकला आणि म्हणाले, "साठ आहेत. तोटी बंद कर रे चैतन्य."

त्यानंतर गोण्या येतच राहिल्या. किराणावाला, पिठाची गिरणी, बांधकामावरचा गवंडी. दुपारी जीपच्या टपावर पावणेदोनशे गोण्या दोरीनं बांधल्या होत्या आणि बायका त्या ढिगाला धरून गाणी म्हणत परत निघाल्या होत्या.

तिसऱ्या दिवशी बांध. सगळा पाडा ओहोळात उतरला. आम्हीही गेलो. दामोदर दुकान बंद ठेवून आले, ही घटना आमच्या लग्नानंतर दुसऱ्यांदा घडली. काही जण माती आणि मुरूम भरत होते, काही दाभणानं तोंडं शिवत होते, बाकीचे ओळीनं गोण्या पुढे देत होते. चैतन्यच्या हाताला अर्ध्या तासात फोड आले आणि त्यानं ते पाड्यावरच्या प्रत्येकाला जातीनं दाखवले.

बाबल्या तेवढा काठावर बसून राहिला होता. बिडी ओढत, बघत. पहिला थर झाला. दुसऱ्या थराच्या गोण्या आम्ही पहिल्यावर अगदी सरळ ठेवत होतो, गोणीवर गोणी, दिसायला सुरेख. बाबल्याची चुळबुळ सुरू झाली. तिसरा थर लागला तेव्हा त्याच्यानं राहवेना.

"आरं, असा कोन रचतो?" तो ओरडला. "जोडावर जोड आला ना! हितनंच फुटतो तो!"

"मंग ये नि दाव," माघी वर न बघता म्हणाली.

बाबल्यानं बिडी विझवली आणि उतरला. त्यानं आमच्याकडून दोन्ही वरचे थर काढायला लावले. बारा वर्षं तो भट्टीवर कच्च्या विटा रचतो. एक थर उभा, एक आडवा, वरच्या गोणीचं पोट खालच्या दोन गोण्यांच्या जोडावर, कड मातीत हातभर आत. मुकादम त्याला दरवर्षी मागून घेतो तो याच हातासाठी. दुपारी दामोदर त्याच्या हाताखाली गोण्या देत होते आणि "ओ शेट, लाइनीत ठेवा, लाइनीत!" असं ऐकून घेत होते. माझ्या नवऱ्याला असं बोलून घेणारा माणूस मी पहिल्यांदाच पाहिला. मला फार बरं वाटलं.

संध्याकाळच्या सुमारास बांध उभा राहिला. छातीइतका उंच, आठ पावलं लांब. पाणी अडलं, चढायला लागलं, आणि गोण्यांच्या फटींतून पलीकडे पाझरायलाही लागलं.

"आतनं प्लास्टिक पायजे," बाबल्या म्हणाला. "मोठा. एकसंध."

सगळे इकडेतिकडे बघायला लागले. दोन झाडांना बांधलेला फ्लेक्स वाऱ्यावर फडफडत होता. फोटो काढून झाले होते. वीस फूट, एकसंध. साहेबांनी तीनदा बजावलेला. मी एकदा त्याच्याकडे पाहिलं, एकदा माघीकडे, आणि स्वतःच जाऊन दोऱ्या सोडायला लागले. चैतन्य म्हणाला, "मावशी, एकोणीस गावं?" मी म्हटलं, "तिथे तू तोंडानं सांग. तुला काय कमी आहे?"

फ्लेक्स बांधाच्या आतल्या अंगाला पसरताना प्रश्न आला की छापील बाजू कुठे करायची. बाबल्या म्हणाला, "शायबाचा तोंड पान्याकडं करा. बघू दे त्याला." साहेब हसत हसत पाण्याखाली गेले आणि पाझर थांबला. अहवालात मी नंतर लिहिलं की फ्लेक्स उंबरपाड्यावर कायमस्वरूपी लावण्यात आला आहे. यात एक अक्षर खोटं नाही.

चौथ्या दिवशी उजाडता उजाडता मी, दामोदर आणि चैतन्य परत पाड्यावर. मला येण्याचं काही कारण नव्हतं, फोनवर कळलं असतं. पण घरात जीव थाऱ्यावर नव्हता.

पाणी चढलं होतं. मागचा ओहोळ रुंद होऊन शांत उभा होता आणि त्यात उंबराची पानं तरंगत होती. मुळाला मात्र चार बोटं कमी. आणि पाणी पुढे चढत नव्हतं. बांध जिथे काठाला भिडतो त्या कोपऱ्यात मातीत भगदाड पडलं होतं आणि येणारं सगळं पाणी तिथून बाहेर जात होतं. माघी मांडीएवढ्या पाण्यात उभी राहून त्यात मातीची ढेकळं दाबत होती. ढेकूळ टाकलं की वाहून जायचं.

"गोणी द्या!" ती ओरडली. "एक गोणी!"

एकही उरली नव्हती. काल उत्साहात शेवटच्या गोणीपर्यंत रचून टाकल्या होत्या. कुणी तरी फाटका गोणपाट दिला, तो पाण्यानं ओढून नेला. दामोदर सदरा काढायला लागले, मी त्यांना थांबवलं.

आणि वरच्या रस्त्यावर टेम्पोचा हॉर्न वाजला.

माणसं काठावरून हलायला लागली. घरोघरी गेली, गोण्या डोक्यावर घेऊन निघाली. त्यांना मी नावं ठेवणार नाही. मुळाची पैज काही त्यांची नव्हती. बाबल्यानं मुळाकडे बघितलं. चार बोटं. मग तोही घराकडे चालायला लागला. माघीनं त्याला जाताना पाहिलं. ती भगदाडात पाय रोवून उभी राहिली, पाण्याला पायानं अडवत, आणि तिनं तोंड आमच्याकडून फिरवून घेतलं. मला पुढे होऊन तिला धरावंसं वाटलं, पण मी जागची हलू शकले नाही.

बाबल्या घरातून निघाला. डोक्यावर ती गोणी. टेम्पोकडे जाणारी वाट आमच्या वरून जाते. तो त्या वाटेनं थोडा चालला, उंबरापाशी आला आणि खाली वळला. पाण्यापाशी येऊन त्यानं गोणी जमिनीवर ठेवली आणि सुतळीची गाठ दातांनी सोडली. मग दोन्ही कोपरे धरून गोणी उलटी केली. तवा दगडावर खणकन पडला. दोन टोप, घोंगडी, तांदळाचं गाठोडं, आरसा.

"माती भर, बघत काय ऱ्हायलास?" तो चैतन्यवर खेकसला.

आम्ही चौघांनी हातानं, फावड्यानं, मिळेल त्यानं माती भरली. बाबल्यानं गोणी शिवली, उचलली आणि माघीला म्हणाला, "पाय काढ." तिनं पाय काढला आणि त्यानं गोणी भगदाडात बसवली, वर उभा राहून टाचेनं ठोकली. पाणी थांबलं.

वरून मुकादमाची हाक आली. "बाबल्या! येतो का नाय?"

बाबल्या कमरेएवढ्या पाण्यात उभा होता. मुळाला अजून तीन बोटं बाकी होती. त्यानं मुळाकडे बघितलंसुद्धा नाही.

"कसा येऊ?" तो ओरडला. "गोनी नाय ना माझेकडं! संसार कशात भरू?"

माघी खळखळून हसली, आणि मी, जिला फक्त राग येतो अशी घरात ख्याती आहे ती, भर सकाळी सगळ्यांदेखत रडले. दामोदरांनी मला रुमाल दिला. बाबल्याचं बघून आणखी पाच घरांनी डोक्यावरच्या गोण्या खाली उतरवल्या. टेम्पो आठ घरं घेऊन गेला, सहा घरं मागे राहिली.

पाणी मुळाला लागलं ते चहाच्या वेळेला. तोवर कुणी बघत नव्हतं. माघीनं दगडावरचा तवा उचलला, नव्या पाण्यात बुडवून धुतला आणि चुलीवर ठेवायला घरात घेऊन गेली.